मोजणी बरोबर होती

२ फेब्रुवारी

ताई,

आधी कामाचं. मला एक पांढरा शर्ट शिवून पाठव. अठरा तारखेच्या आत हातात पडायला हवा. कॉलर ताठ, बाह्या पूर्ण, खिसा एकच. माप जुनंच धर, फक्त खांद्यात अर्धा इंच वाढव. दोर ओढून ओढून खांदे रुंद झालेत. कशासाठी ते विचारू नकोस. तू विचारणारच, पण मी सांगणार नाही.

खोली तीच, जिन्याखालची. उभं राहिलं की डोकं छताला लागतं, म्हणून मी खोलीत बहुतेक बसूनच असतो. खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. चपलांवरून माणसं ओळखायला शिकलोय.

आणि काम. तुला वाटतं मी लाँचवर नुसता दोर टाकतो. तसं नाही. माझं खरं काम मोजणीचं. धक्क्यावर चढताना प्रत्येक उतारूच्या हातात एक पितळी बिल्ला द्यायचा. लाँच दीपगृहाच्या बेटावर जाते, माणसं फिरतात, परत चढताना बिल्ला पेटीत टाकतात. जेवढे दिले तेवढे पेटीत आले की मी दोन लांब शिट्ट्या मारतो, दोर सोडतो आणि सगळ्यांच्या शेवटी उडी मारून चढतो. मग सारंगकाका, म्हणजे आमची लाँच चालवणारे, इंजिनाला हात लावतात. चौदा महिन्यांत माझ्या हातून एकही माणूस बेटावर राहिलेला नाही. हे बाबांना सांग. नको, सांगू नकोस. पोरगा बिल्ले मोजतो हे ऐकून त्यांचं डोकं आणखी फिरेल.

ते अजून माझं नाव काढत नाहीत ना? पेपर फाडला त्याला दीड वर्ष झालं. सरांनी भर परीक्षेत माझ्यावर कॉपीचा आळ घेतला, मी उत्तरपत्रिका फाडली आणि कॉलेजबाहेर पडलो. पुन्हा कुणी तसं बोललं तर पुन्हा फाडीन. हवं तर लहान तुकडे करीन.

शर्ट. अठराच्या आत.

तुझा,
तडतड्या


७ फेब्रुवारी

तडतड्या,

शर्ट याच्याबरोबरच्या पुडक्यात आहे. खांद्यात अर्धा नाही, पाऊण इंच वाढवलाय. तुझ्या बढाया मी धरूनच चालते.

कारण सांगणार नाहीस म्हणे. मी शिवणयंत्रावर बसून अकरा वर्षं झाली रे. पांढरं कापड, ताठ कॉलर, पूर्ण बाह्या आणि ठरलेली तारीख, हे दोनच कारणांसाठी मागतात. लग्नासाठी नाहीतर मुलाखतीसाठी. लग्न ठरलं असतं तर तू पत्रात एवढं नीट लिहूच शकला नसतास. म्हणजे कॉलेजात परत घ्यायला बोलावलंय. बरोबर ना?

मला राहवलं नाही. काल माहेरी गेले होते, बाबांना सांगून टाकलं. ते हातातलं वर्तमानपत्र उलटं धरून वाचत राहिले. संध्याकाळी मात्र माळ्यावरून तुझ्या पुस्तकांची ट्रंक खाली काढली. त्यांच्या गुडघ्याची अवस्था तुला माहीत आहे. मी म्हटलं, मी काढते, तर म्हणाले, तू लांब हो. एकेक पुस्तक पुसलं आणि मग मला हळूच विचारलं, "त्याला चष्मा लागलाय का गं?"

मुलाखतीत उलट बोलू नकोस. एवढंच सांगते. शर्ट पहिल्यांदा गार पाण्यात धू.

ताई


१० फेब्रुवारी

ताई,

तू हे काय करून बसलीस. मी कुठे म्हटलं कॉलेज? सांगत नाही म्हटलं म्हणजे तू मनाला येईल ते शिवायचं आणि बाबांच्या अंगावर चढवायचं? आता ती ट्रंक माझ्या छातीवर येऊन बसलीये.

ऐक. सगळं सांगतो. वाचताना भावजींना जवळ येऊ देऊ नकोस.

कॉलेजात माझ्या वर्गात एक मुलगी होती. सगळे तिला फुटपट्टी म्हणायचे, उंच म्हणून आणि कुणी 'साधारण चार वाजता ये' म्हटलं तर 'साधारण म्हणजे किती?' असं विचारायची म्हणूनही. मी पेपर फाडून निघालो तेव्हा सगळा वर्ग खाली मान घालून बसला होता. ही एकटी उठली आणि माझं पडलेलं पेन आणून माझ्या हातात दिलं. त्या दिवसापासून माझं जे काय झालंय ते झालंय.

इथे आल्यावर मी तिला पत्र लिहिलं. लिहायचं होतं की लाँचवर लागलोय. लिहिलं गेलं की इथल्या कॉलेजात नाव घातलंय. एकदा लिहिल्यावर पुढचं लिहावंच लागतं. महिन्याला एक अशी चौदा पत्रं झाली. तिच्या लेखी मी शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला शिकवायला एक सर आहेत, ते सारखे खोकतात. तिने त्यांच्यासाठी खोकल्याच्या गोळ्या पाठवल्या होत्या. त्या मीच खाल्ल्या, टाकवेनात.

आता तिच्या घरी एक स्थळ आलंय. चांगलं आहे म्हणे, आणि महिनाअखेर उत्तर हवंय त्यांना. ती येत्या अठराला, रविवारी, एका दिवसासाठी इथे येतेय. तिने लिहिलंय, 'एक दिवस तुझ्याबरोबर फिरते, मग घरी काय सांगायचं ते ठरवते.' हे वाचल्यापासून माझं कामात लक्ष नाही. काल दोनदा बिल्ले सांडले.

दिवस असा आखलाय: नऊ दहाला तिची गाडी. मग घड्याळाचा मनोरा, जहाजांची जुनी गोदी, नकाशांचं संग्रहालय. बाराची लाँच, बेट, दीपगृह. दोनला परतीची लाँच. पावणेतीनला धक्क्यासमोरच्या काचेच्या हॉटेलात जेवण, कोपऱ्यातलं टेबल सांगून ठेवलंय. जेवण झालं, गोड आलं की मग सांगायचं. पोट भरलेलं असतं तेव्हा माणूस कमी रागावतो, हा माझा अनुभव आहे. साडेचारला तिची परतीची गाडी.

बरोबर आहे ना? की गाडीत बसवून देताना सांगू? लगेच उत्तर पाठव. आणि बाबांना सांग, तुझी चूक झाली. ट्रंक तू वर ठेव, त्यांना चढू देऊ नकोस.

तडतड्या


१३ फेब्रुवारी

तडतड्या,

पत्र हातात पडल्या पडल्या लिहायला बसलेय. एक ब्लाउज अर्धा सोडून.

गोड येईपर्यंत थांबू नकोस. ऐकतोयस ना? तिला गाडीतून उतरवलंस की तिथेच, फलाटावर सांग. मनोरा, गोदी, दीपगृह सगळं नंतर. तू दिवसभर तिला हिंडवणार, चांगलं खायला घालणार आणि शेवटी सांगणार, तर तिला तो अख्खा दिवसच फसवणुकीचा वाटेल. उसवायचं झालं तर पहिल्या टाक्यापासून उसवावं लागतं, मधून उसवलं की कापड फाटतं. हे मला रोज दिसतं.

दुसरं. तिच्यासमोर कुणाशी भांडू नकोस. कुणीही काहीही बोललं तरी.

बाबांना उद्या सांगते. कसं ते अजून सुचलेलं नाही.

काळजीत असलेली,
ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

तुझं तेराचं पत्र आज सकाळी मिळालं. सोमवारी. सगळं संपल्यावर.

सांगतो, क्रमाने सांगतो.

ती उतरली. निळी पिशवी, पायांत कापडी बूट, आणि मला बघून म्हणाली की शर्ट छान आहे, कुणी शिवला. मी तुझं नाव सांगितलं. दिवसभरात तेवढं एक खरं बोललो. मनोऱ्याच्या एकशे बेचाळीस पायऱ्या तिने मोजल्या, मी पण मनात मोजत होतो, दोघांचा आकडा जुळला तेव्हा ती हसली. गोदीत तिने एका गंजलेल्या नांगरावर हात ठेवून हा किती वजनाचा असेल असं विचारलं. मला माहीत होतं. पण कॉलेजातल्या मुलाला ते माहीत असेल का, या धास्तीने मी गप्प बसलो. असं दिवसभर. जे येतं ते लपवायचं आणि जे येत नाही ते येतं म्हणायचं. घाम फुटला होता, आणि हवा तर गार होती.

बाराच्या लाँचवर माझ्या जागी तिकीटखिडकीवरचे चष्मेवाले उभे होते. त्यांना मी आदल्या दिवशी बजावलं होतं की मला ओळख दाखवायची नाही. त्यांनी इतकी ओळख दाखवली नाही की समुद्राकडे बघतच तिला बिल्ला दिला. मी सवयीने तसाच चढलो. मी कधी बिल्ला घेतच नाही ना. त्यांनीही दिला नाही.

बेटावर दीपगृह बघून आम्ही खाली आलो. तिथे एक चहावाला आहे, रोजचा. मला बघून तो ओरडला, "काय रे, आज निळा सदरा कुठे टाकलास? आज तू उतारू?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तो दुसऱ्याच कुणालातरी समजतोय. मग तिची नजर माझ्या हातांवर गेली. दोरांचे घट्टे पडलेत, ते मी दिवसभर खिशात ठेवले होते.

लाँच लागली. मी तिला म्हटलं, तू वर जाऊन पुढची जागा धर, मी आलोच. आणि मी मागे फिरलो. चहावाल्याला गप्प राहायला सांगायचं होतं, एवढंच. पण तो म्हणाला, "मी काय खोटं बोललो?" आणि ताई, मला त्याच शब्दाचा राग आला. मी त्याची किटली ढकलली. चहा माझ्याच शर्टावर. तो मला आईवरून बोलला, मी त्याची कॉलर धरली. मागे दोन लांब शिट्ट्या झाल्या. ऐकू आल्या मला. तरी मी कॉलर सोडली नाही, कारण लाँच माझ्याशिवाय सुटतच नाही. चौदा महिन्यांत एकदाही सुटलेली नाही. मी शेवटी चढतो, मग ती सुटते.

वळून बघितलं तर मधे तीस हात पाणी.

चाळीस बिल्ले दिले होते, चाळीस परत आले. चष्मेवाल्यांची काही चूक नाही. मी त्या मोजणीत नव्हतो.

ती वरच्या कठड्याला धरून उभी होती. काहीतरी ओरडत होती, इंजिनात ऐकू आलं नाही. मी हात केला. कसला हात केला ते मलाच माहीत नाही.

पुढची लाँच साडेतीनची. दीड तास मी धक्क्याच्या पायरीवर बसलो. चहावाल्याने मधे एक ग्लास आणून शेजारी ठेवला आणि गेला. मला तो ग्लास जास्त लागला. शर्टावरचा डाग वाळत होता आणि मी नुसता विचार करत होतो की ती टेबलावर एकटी बसली असेल.

चार दहाला पोचलो. पळत हॉटेलात. कोपऱ्यातलं टेबल रिकामं. वेटर म्हणाला, बाई पावणेतीनला बरोबर आल्या, दोघांचं जेवण मागवलं, आपलं जेवल्या, दुसरं ताट झाकून ठेवायला सांगितलं, चारला उठल्या. बिलही देऊन गेल्या. ताट अजून तिथेच होतं, वर दुसरं ताट उपडं घातलेलं. मी ते उघडलं नाही. स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडीचा शेवटचा डबा दिसला.

झाकलेलं ताट म्हणजे काय ते मला कळतं. हे तुझं, तू गिळ, मी चालले. एवढाच त्याचा अर्थ. महिनाअखेर ती त्या स्थळाला हो म्हणणार.

डाग गार पाण्यात धुतला. गेला नाही.

तडतड्या


२३ फेब्रुवारी

तडतड्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. रागावायचं ठरवून बसले होते, जमलं नाही.

पण तुला मोजता येतं म्हणतोस, तर हे मोज. ती पावणेतीनला बसली, चारला उठली. सव्वा तास. रागावलेली बाई अनोळखी गावात एकटी सव्वा तास ताटावर बसत नाही. ती सरळ स्टेशनवर जाऊन बसते. आणि ज्याचं तोंड बघायचं नाही त्याचं अन्न कुणी झाकून ठेवत नाही, माशी बसू नये म्हणून. अर्थ काढायची घाई करू नकोस. अर्थ काढून काढूनच तुझं एक कॉलेज गेलंय.

तिला पत्र लिही. खरं, आणि लहान.

बाबांना सांगितलं मी. कॉलेजबिलेज काही नाही, लाँचवर बिल्ले मोजतो, मीच चुकीचं समजले. ट्रंक मात्र ते माळ्यावर ठेवू देत नाहीत. काल जेवताना मधेच म्हणाले, "चौदा महिन्यांत एकही माणूस राहिला नाही म्हणतो?" मी म्हटलं, नाही. आता पंधरावा लागलाय आणि त्यात एक राहिला, ते मी सांगितलं नाही.

ताई


२२ फेब्रुवारी

तुला,

तू काय काय कल्पना केल्या असशील त्या सोड. काय झालं ते सांगते.

लाँच हलली तेव्हा मी त्या चष्मा घातलेल्या गृहस्थांना म्हटलं, एक माणूस राहिलाय. ते म्हणाले, मोजणी बरोबर आहे बाई, चाळीसला चाळीस. मी म्हटलं, मोजणी बरोबर असेल, पण माणूस तिथे उभा आहे, तो बघा. मग लाँच चालवणारे काका हसून म्हणाले, "अहो, तो आमच्यातला. त्याला बिल्ला नसतो. येईल साडेतीनने." आणि मग तुझं कौतुक सुरू झालं. इतका चोख मोजणारा पोरगा त्यांनी पाहिला नाही. धुकं असताना एकदा एका आजोबांना शोधायला तू अख्खं बेट फिरलास. मी विचारलं, तो किती दिवस आहे इथे? म्हणाले, चौदा महिने. कॉलेज सोडून आलाय, पण डोकं चांगलं आहे.

ते तुझी स्तुती करत होते आणि मी मनात तुझं एकेक पत्र आठवत होते.

हॉटेलात मी दर पाच मिनिटांनी दाराकडे बघितलं. तू आला असतास तर काय बोलले असते ते ठाऊक नाही. बरंच वाईट बोलले असते. पण तू उपाशी होतास हेही मला माहीत होतं.

या चौदा महिन्यांतलं खरं किती आणि खोटं किती, हे मला कळायला हवं. म्हणून तुझी चौदाही पत्रं परत पाठवतेय. सोबत पट्टी आहे. जी ओळ खोटी आहे तिच्याखाली सरळ रेघ मार. हाताने नको, पट्टीने. काही खोडू नकोस, समजावून लिहू नकोस, माफी मागू नकोस. मग सगळी परत पाठव. मला रेघ नसलेल्या ओळी वाचायच्या आहेत.

घरच्यांना मी अठ्ठावीसला उत्तर देणार आहे.

ता. क. खोकणारे सर आहेत की नाहीत, हे आधी सांग.


२५ फेब्रुवारी

ताई,

तुझं आणि तिचं पत्र एकाच दिवशी आलं. तिने काय मागितलंय ते सांगतो: माझ्याच पत्रांत खोट्याखाली रेघा. पट्टीने.

काल संध्याकाळपासून बसलो होतो. पहिल्या पत्रात सुरुवातीला हात चालेना, मग चालायला लागला. वर्ग, वाचनालय, परीक्षा, सर. सगळ्या सरांखाली रेघ. खोकल्याखाली रेघ. 'गोळ्यांनी त्यांना बरं वाटलं' याच्याखाली मारताना मला माझीच लाज वाटली. एके ठिकाणी लिहिलं होतं, 'आज अभ्यासाला बसलो आणि तुझी आठवण आली.' अर्ध्या ओळीखाली रेघ मारायची का, हे कुणाला विचारू? अर्धीच मारली.

मला वाटलं होतं, शेवटी काळी पानं उरतील. तसं झालं नाही. समुद्राचं लिहिलेलं राहिलं. धुक्यातले आजोबा राहिले. ते मी 'एका ओळखीच्या मुलाने शोधले' असं लिहिलं होतं, तेवढ्या चार शब्दांखाली रेघ आली. छताला डोकं लागतं ते राहिलं. 'तू दिलेलं पेन मी जपून ठेवलंय' ते राहिलं. एकशे बारा ओळी खोट्या निघाल्या. बाकीच्या किती ते मोजलं नाही. पहिल्यांदाच काहीतरी मोजलं नाही.

आज सकाळी टपालात टाकलं. तिला अठ्ठावीसच्या आत मिळेल की नाही देव जाणे. टपालाचा माझा अनुभव तुला ठाऊकच आहे. पेटीत पाकीट पडल्याचा आवाज आला तेव्हा कुठे तिथून हललो. आज कामावर प्रत्येक फेरीला दोनदा मोजलं.

चहावाल्याची माफी मागितली. तो म्हणाला, "किटलीला पोचा आलाय, तेवढा ठोकून दे." दिला.

बाबांना सांग, राहिला. एक माणूस राहिला, आणि तो मीच होतो.

तडतड्या


९ मार्च

तुला,

पाकीट सत्तावीसला मिळालं. अठ्ठावीसला घरी मी नाही म्हणून सांगितलं. ते तुझ्यासाठी नाही, हे लक्षात ठेव. जे लग्न मी कुणाला तरी विसरायला करणार होते, ते मला करायचं नव्हतं. तुला मी अजून काहीही म्हटलेलं नाही.

आठव्या पत्रात, तिसऱ्या पानावर, 'मी आता रागावत नाही' या ओळीखाली रेघ मारायची राहिलीये. ती मी मारली.

सतरा तारखेला, रविवारी, मी बाराच्या लाँचने बेटावर येतेय. तू सुट्टी घेऊ नकोस, निळ्या सदऱ्यात ये, तुझं काम करताना मला बघायचंय. नांगराचं वजन किती ते विचारीन, तेव्हा माहीत असेल तर सांग. जेवण पावणेतीनला, तेच टेबल, आणि या वेळी ताट झाकणार नाही.

बिल्ले एक्केचाळीस ठेव. एक स्वतःसाठी घे.